बाळाच्या त्वचेसाठीची क्रीम आणि औषधाच्या खिडकीवरचे शिक्षण

संस्थेच्या वार्षिक अहवालात ताळेबंद, शस्त्रक्रियांचे तक्ते आणि देणगीदारांची नामावली यांबरोबरच एखाद्या विषयावर सविस्तर टिपण असावे, असा प्रघात विश्वस्त मंडळाने पाडला आहे. या वेळी तो भार प्रशासन विभागावर आला. नवी यंत्रसामग्री, नवा विभाग असा डोळ्यांत भरणारा विषय घेणे सोपे होते. परंतु अहवाल वर्षात ज्या गोष्टीने आम्हाला सर्वाधिक अंतर्मुख केले ती दिसायला फार लहान होती. ती म्हणजे बाळाच्या अंगाला लावायची क्रीम. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून वैद्यकशास्त्राचा अधिकारी नाही. म्हणून पुढील मजकुरातील शास्त्रीय भाग रुग्णालयाच्या बालरोगतज्ज्ञांकडून व मुख्य औषधनिर्मात्यांकडून तपासून घेतला आहे, हे आरंभीच नमूद करतो.

एका दुपारची गोष्ट

हिवाळ्यातील एका दुपारी औषधाच्या खिडकीवर बरीच गर्दी होती. औषधनिर्माणशास्त्र पदविकेची एक विद्यार्थिनी प्रशिक्षणासाठी नुकतीच रुजू झाली होती. मागच्या फळीवरून औषधे काढून पुढे देणे, एवढेच काम तिच्याकडे होते. एका आजीबाईंनी रिकामी झालेली ट्यूब पुढे केली आणि तशीच दुसरी मागितली. विद्यार्थिनीने ट्यूब काढली, तिच्यावरची बारीक अक्षरे वाचली आणि विचारले, "आजी, ही कोणासाठी?"

"नातीसाठी गं बाई. तीन महिन्यांची आहे. गाल फुटले होते, शेजारणीने ही सांगितली. आता गाल कसे लोण्यासारखे झालेत बघ."

त्या ट्यूबमध्ये क्लोबेटासॉल हे अतिशय तीव्र स्टेरॉइड, बुरशीवरील औषध आणि प्रतिजैविक यांचे मिश्रण होते. विद्यार्थिनीने ती दिली नाही. तिने वरिष्ठांना हाक मारली आणि आजींना नातीसह बालरोग बाह्यरुग्ण विभागात पाठवण्यात आले. डॉक्टरांनी तपासले तेव्हा लोण्यासारख्या वाटणाऱ्या त्या गालांची त्वचा पातळ झाली होती आणि त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या दिसू लागल्या होत्या. पुढील उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने झाले. बाळ आता उत्तम आहे.

गोष्ट येथे संपली असती तर ती शाबासकीची ठरली असती. परंतु आजींनी आधीची ट्यूब कोठून घेतली, याचा शोध घेताना बिलांच्या प्रती काढल्या, तेव्हा ती आपल्याच खिडकीवरून, चिठ्ठीविना दिली गेल्याचे आढळले. गर्दी होती, ट्यूब ओळखीची होती, कोणी विचारले नाही. ही चूक आपली होती आणि अहवालात ती लिहिली पाहिजे, असे विश्वस्त मंडळाचेही मत पडले. जे अनुभवी कर्मचाऱ्यांच्या नजरेतून सुटले ते शिकाऊ मुलीच्या नजरेत का आले, याचे उत्तर सरळ आहे. तिला घाई नव्हती आणि वेष्टन वाचायचे असते हे ती नुकतेच शिकली होती.

बाळाची त्वचा वेगळी का?

बाळाची त्वचा मऊ असते म्हणून ती निरोगी व बळकट असेल, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर शरीरातील पाणी आत राखतो आणि बाहेरचे जंतू व रसायने रोखतो. तान्ह्या बाळांत हा थर प्रौढांच्या तुलनेने सुमारे ३० टक्क्यांनी पातळ असतो. शिवाय वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढाच्या दुपटीहून अधिक भरते. म्हणजे अंगभर लावलेल्या पदार्थाचा शोषला जाणारा अंश दर किलो वजनामागे बाळात बराच जास्त असू शकतो. लंगोट किंवा डायपर यांच्या आतील झाकलेल्या, ओलसर भागात तर हे शोषण आणखी वाढते.

निसर्गाने याची तरतूद केलेली आहे. जन्मतः बाळाच्या अंगावर जो पांढरट, चिकट लेप असतो, त्यात सुमारे ८० टक्के पाणी आणि उरलेल्या भागात मुख्यत्वे स्निग्ध द्रव्ये व प्रथिने असतात. हाच बाळाचा पहिला मॉइश्चरायझर होय. तो घासून काढू नये आणि पहिली आंघोळ किमान २४ तास लांबवावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. जन्माच्या वेळी त्वचेची आम्लता कमी असते. पुढील काही आठवड्यांत ती वाढून सामू ५.५ च्या आसपास स्थिरावतो. नेहमीच्या वडीच्या साबणाचा सामू ९ ते १० असल्याने वारंवार साबण लावल्यास हा क्रम बिघडतो. बाळाचे अंग कोरडे पडते म्हणून महागडी क्रीम घेणाऱ्या कित्येक कुटुंबांना क्रीमपेक्षा साबण कमी करण्याचा सल्ला अधिक उपयोगी पडतो.

बाटलीत असते तरी काय?

बाजारात नावे शेकडो असली तरी बहुतेक मॉइश्चरायझरची मांडणी एकसारखीच असते.

पहिला घटक पाणी. दुसरा, पाणी धरून ठेवणारी द्रव्ये. यांत ग्लिसरीन सर्वांत परिचित. तिसरा, त्वचेवर पातळ पडदा तयार करून पाणी उडून जाऊ न देणारी द्रव्ये. पांढरे पेट्रोलियम जेली, लिक्विड पॅराफिन, मेण, लॅनोलिन ही त्यांची उदाहरणे. चौथा, त्वचेला मऊपणा आणणारी तेले व स्निग्धाम्लांपासून बनवलेले पदार्थ. पाचवा, तेल आणि पाणी एकजीव ठेवणारे पायसीकारक. सहावा, परिरक्षक, म्हणजे ते टिकवणारे द्रव्य. आणि सातवा, सुगंध व रंग. यांतील पहिले सहा काही ना काही काम करतात. सातव्याचा बाळाला कोणताही उपयोग नाही. तो विकत घेणाऱ्यासाठी असतो.

यादी वाचताना होणारे दोन गैरसमज येथे दूर केले पाहिजेत. 'सिटाइल अल्कोहोल' किंवा 'स्टिअरिल अल्कोहोल' हे शब्द पाहून पालक दचकतात. हे मेणासारखे स्निग्ध पदार्थ आहेत आणि त्यांचा त्वचा कोरडी करणाऱ्या स्पिरिटशी संबंध नाही. तसेच पेट्रोलियम जेली खनिज तेलापासून बनते म्हणून ती घातक, असेही नाही. औषधी दर्जाची शुद्ध केलेली जेली पाणी राखण्याच्या कामी अत्यंत परिणामकारक असून तिच्यात पाणी नसल्याने तिला परिरक्षकाचीही गरज पडत नाही. ती स्वस्त असल्यामुळे तिची जाहिरात कोणी फारशी करत नाही, इतकेच.

याउलट साधे व सौम्य वाटणारे उत्पादनही त्रासदायक ठरू शकते. ब्रिटनमध्ये 'ॲक्विअस क्रीम' हे वर्षानुवर्षे मॉइश्चरायझर म्हणून सर्रास वापरले जाई. त्यात सोडियम लॉरिल सल्फेट हे फेस आणणाऱ्या द्रव्यांच्या जातीचे रसायन असते. इसब असलेल्या मुलांत विशेषतः त्याने आग व लाली येऊ शकते, असा इशारा तेथील औषध नियामक संस्थेने २०१३ साली दिला.

परिरक्षकांची भीती आणि गरज

सध्या 'परिरक्षकविरहित' हा शब्द विक्रीचे मोठे साधन झाला आहे. या बाबतीत दोन्ही बाजू समजून घेणे आवश्यक आहे.

ज्या क्रीममध्ये पाणी आहे, तिच्यात जंतू वाढू शकतात. बार्सिलोना येथील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात मॉइश्चरायझिंग लोशन मुळातच दूषित असल्यामुळे रुग्णांना बर्खोल्डेरिया या जंतूचा गंभीर संसर्ग झाल्याची नोंद २००८ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पाणी आहे आणि परिरक्षक नाही, अशी घरगुती किंवा अनोळखी ठिकाणची क्रीम म्हणूनच जास्त धोक्याची.

दुसऱ्या बाजूने, सर्व परिरक्षके सारखी नाहीत. युरोपीय संघाने २०१४ साली प्रोपिल व ब्युटिल पॅराबेनची मर्यादा खाली आणली आणि तीन वर्षांखालील मुलांच्या लंगोटाच्या भागात लावून तशाच ठेवायच्या उत्पादनांत ती वापरण्यास मनाई केली. मिथिल व इथिल पॅराबेन मात्र ठराविक मर्यादेत चालू राहिले. म्हणजे 'पॅराबेन' हा एक शब्द पाहून घाबरणे किंवा निश्चिंत होणे, दोन्ही अपुरे आहे. पॅराबेनच्या भीतीने अनेक उत्पादकांनी मिथिलआयसोथायझोलिनोन हे द्रव्य जवळ केले, आणि त्यातून संपर्कजन्य ॲलर्जीचे रुग्ण इतके वाढले की अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली त्याला 'वर्षातील ॲलर्जीकारक' म्हणून जाहीर केले. लावून तशीच ठेवली जाणाऱ्या प्रसाधनांत त्याच्या वापरावर पुढे २०१६ च्या नियमाने युरोपात बंदी आली. एका धोक्यापासून पळताना दुसऱ्याच्या दारात जाणे म्हणतात ते हेच.

पाहू नयेत असे आणि विसरू नयेत असे दिवस

बाळाच्या त्वचेवरील उत्पादनांचे नियमन इतके कडक का असावे, याचे उत्तर १९७२ सालच्या फ्रान्समध्ये आहे. तेथे 'मॉऱ्हांज' नावाच्या बाळपावडरच्या काही साठ्यात हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक चुकून सुमारे सहा टक्के इतक्या प्रमाणात मिसळले गेले. त्वचेतून शोषले जाऊन ते मज्जासंस्थेपर्यंत पोचले. २०४ मुले बाधित झाली आणि ३६ मुले दगावली. पावडर विषारी आहे, असे कोणत्याही आईच्या मनात येणे शक्य नव्हते. त्याच वर्षी अमेरिकेने या द्रव्याच्या वापरावर निर्बंध घातले. आपल्याकडील नियमांनीही प्रसाधनांतील त्याच्या वापरास आळा घातला. बोरिक ॲसिडही पूर्वी बाळपावडरीत असे. सोललेल्या त्वचेतून ते शोषले जाऊन विषबाधा होते हे कळल्यावर ते मागे पडले. बाहेरून लावलेले आत जात नाही, हा समज किती महागात पडतो, हे या उदाहरणांवरून स्पष्ट व्हावे.

वेष्टनावरील शब्द आणि कायदा

आपल्या देशात बाळाची क्रीम किंवा लोशन हे सर्वसाधारणपणे 'औषध' नसून 'सौंदर्यप्रसाधन' ठरते. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० हे त्यास लागू आहेत. नियमानुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक वेष्टनावर प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात; एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने दिले तरी चालतात. म्हणूनच 'बदामयुक्त' किंवा 'केशरयुक्त' असे मोठ्या अक्षरांत छापलेला पदार्थ यादीच्या शेपटाला, सुगंधाच्या शेजारी दिसला, तर तो नावापुरताच आहे असे समजावे.

यात एक पळवाटही आहे. ३० ग्रॅमपेक्षा लहान घट्ट उत्पादनांच्या व ६० मिलिलिटरपेक्षा लहान द्रव उत्पादनांच्या वेष्टनावर घटकांची यादी छापणे बंधनकारक नाही. बाळंतिणींना भेट म्हणून मिळणाऱ्या छोट्या ट्यूब व बाटल्या नेमक्या याच आकाराच्या असतात. बाळाच्या अंगाला पहिल्यांदा लागणारी क्रीम यादीविना असू शकते, ही गोष्ट आमच्याही लक्षात या वर्षीच आली.

'हायपोॲलर्जेनिक' या शब्दाला कायदेशीर व्याख्या नसल्याचे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्पष्ट केले आहे. 'नैसर्गिक' हा शब्दही सुरक्षिततेची हमी देत नाही. सुगंधी अर्क वनस्पतीपासून काढलेले असले तरी ॲलर्जी करू शकतात. बाळासाठी निवड करताना सुगंधविरहित, रंगविरहित आणि थोडक्या घटकांचे उत्पादन घ्यावे, हा आमच्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला त्यामुळेच आहे.

घरची परंपरा : काय ठेवावे, काय सोडावे

आपल्या घरांत बाळाला तेल लावून न्हाऊ घालण्याची रीत आहे आणि तिच्यात माया व स्पर्श यांचा मोठा वाटा आहे. ती मोडून काढण्याचा आमचा हेतू नाही. मात्र तेलातेलांत फरक आहे. ढाका येथील शिशु रुग्णालयात ३३ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांच्या त्वचेला सूर्यफुलाचे तेल लावल्याने रुग्णालयात होणारे संसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. त्याउलट मोहरीच्या तेलाने त्वचेचा अडसर कमकुवत होत असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले, तर प्रौढांवरील एका अभ्यासात ऑलिव्ह तेलाचाही तसाच परिणाम दिसला. शेंगदाणा तेल असलेली मलमे लहानपणी त्वचेवर लावणे आणि पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी होणे यांचा संबंध ब्रिटनमधील २००३ च्या अभ्यासात दिसून आला. म्हणून चिरलेल्या, इसब झालेल्या त्वचेवर घाण्याचे शेंगदाणा तेल लावू नये. डाळीचे पीठ चोळून लव काढण्याचा अट्टहासही सोडावा.

अगदी कमी वजनाच्या बाळांची बाब मात्र वेगळी आहे. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना सरसकट मलम लावल्याने जंतुसंसर्ग वाढल्याचे २००४ सालच्या अमेरिकी अभ्यासात आढळले होते. नवजात अतिदक्षता विभागातील बाळाला घरून आणलेले काहीही, डॉक्टरांना विचारल्याखेरीज लावू नये, हा नियम त्यामुळेच आहे. नातेवाइकांनी तो कठोर मानू नये.

क्रीम रोज लावली की इसब होणारच नाही, असाही एक समज आहे. ब्रिटनमध्ये १,३९४ नवजात बाळांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिले वर्षभर रोज क्रीम लावूनही दुसऱ्या वर्षी इसबाचे प्रमाण २३ टक्के, तर न लावलेल्यांत २५ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच आढळले. क्रीम लावलेल्यांत त्वचेचे संसर्ग किंचित अधिकच होते. त्यानंतर २०२५ साली अमेरिकेतून आलेल्या एका अभ्यासात काही लाभ दिसला असला, तरी निरोगी त्वचेच्या प्रत्येक बाळाला क्रीम हवीच, असा निष्कर्ष यांतून निघत नाही. त्वचा कोरडी असेल किंवा इसब असेल, तर मात्र मॉइश्चरायझर हा उपचाराचा पायाच आहे आणि तो भरपूर व नियमित लावावा लागतो.

आणखी एक सूचना आम्ही हात जोडून करतो. पॅराफिनयुक्त किंवा इतर स्निग्ध मलमे कपड्यांत, दुपट्यांत मुरली की ते कापड आग चटकन पकडते, असा इशारा ब्रिटिश नियामकांनी २०१८ साली दिला. आपल्याकडे बाळाला आंघोळीनंतर शेगडीवर धुरी देण्याची पद्धत अजून आहे. धुराने बाळाच्या श्वसनमार्गास त्रास होतोच. त्यात मलमाने माखलेले दुपटे निखाऱ्याजवळ नेणे म्हणजे अपघातास आमंत्रण होय. धुरी पूर्णपणे बंद करावी.

जे मॉइश्चरायझर नाही

सर्वांत गंभीर चूक ही क्रीम कोणती निवडावी यातील नसते. औषधालाच क्रीम समजण्याची असते. स्टेरॉइडयुक्त मिश्र मलमांनी लाली, खाज झटपट कमी होते, म्हणून ती हातोहात पसरतात. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइड द्रव्ये 'अनुसूची एच'च्या कक्षेत स्पष्टपणे आणली; म्हणजे ती नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत. तीच ट्यूब डॉक्टरांच्या सल्ल्याने, योग्य ताकदीची, ठराविक दिवसांसाठी वापरली तर अमूल्य औषध आहे. शेजारणीच्या सल्ल्याने वापरली तर काय होते, ते आरंभीच्या प्रसंगात आले आहे. युरिया किंवा सॅलिसिलिक ॲसिड असलेली मोठ्या माणसांची टाचांची व कोंड्याची मलमेही बाळाला लावण्यासाठी नाहीत.

पाचशे तास

येथे प्रशिक्षणाचा विषय येतो. औषधनिर्माणशास्त्र पदविकेच्या विद्यार्थ्यांना किमान तीन महिन्यांत किमान ५०० तासांचे व्यावहारिक प्रशिक्षण घ्यावे लागते आणि त्यांपैकी निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीनुसार औषधे देण्याच्या कामाचे असावे लागतात. भारतीय औषधनिर्माण परिषदेची ही अट आहे. रुग्णास औषधाविषयी समजावून सांगणे हे नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे कर्तव्य असल्याचे २०१५ च्या औषधनिर्माण व्यवसाय विनियमांत नमूद आहे.

कागदावर हे सर्व ठीक आहे. प्रत्यक्षात आपल्याकडे आणि इतरत्रही प्रशिक्षणार्थी म्हणजे बिनपगारी मदतनीस, अशी समजूत रूढ होती. खोकी उचलणे, मुदत संपलेला माल वेगळा करणे, गोळ्यांच्या पट्ट्या मोजणे यांत तास भरत आणि प्रमाणपत्रावर सही होई. ती सही करणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता. मोजणीचे काम शिकण्यासारखे नाही असे नव्हे. साठा कसा फिरतो हे कळलेच पाहिजे. पण पाचशे तासांअखेर विद्यार्थ्याला 'हे कोणासाठी?' असे विचारण्याची सवय लागली नसेल, तर ती सही म्हणजे खोटी पावती आहे, हे मान्य करावे लागले.

आता क्रम बदलला आहे. एका वेळी चारच प्रशिक्षणार्थी घेतले जातात. पहिल्या पंधरवड्यात ते साठा, शीतपेटी व नोंदवह्या शिकतात. त्यानंतर प्रत्येकाने रोज एका उत्पादनाचे वेष्टन वाचून त्यातील प्रत्येक घटकाचे काम वहीत लिहायचे आणि मुख्य औषधनिर्मात्यांना दाखवायचे. बाळाच्या उत्पादनांपासून आरंभ होतो, कारण तेथे चूक क्षम्य नाही. तिसऱ्या टप्प्यात ते औषधनिर्मात्याच्या शेजारी, त्यांच्या देखरेखीखाली खिडकीवर उभे राहतात. लहान मुलासाठी काहीही मागितले गेले की चार प्रश्न विचारायचे: कोणासाठी, वय किती, शरीराच्या कोणत्या भागाला, आणि आतापर्यंत काय लावले? शंका आली तर स्वतः सल्ला न देता वरिष्ठांना बोलवायचे. आठवड्यातून एकदा त्यांना प्रसूती कक्षात नेले जाते. तेथे अधिपरिचारिका बाळंतिणींशी कसे बोलतात, हे ते ऐकतात. औषधाचे नाव पाठ असणे आणि ते आजीला कळेल अशा भाषेत सांगता येणे, यांतले अंतर तेथेच कळते.

जमाखर्चाची बाजू

या बदलाची किंमत आहे आणि ती सांगणे हे या खुर्चीचे काम आहे. बाळाच्या क्रीम, लोशन, पावडर यांच्या रंगीत पेट्यांवर मिळणारे कमिशन औषध विभागाच्या उत्पन्नात जाणवण्याइतके होते. शिशुदुग्धपर्यायी पदार्थांच्या जाहिरातीस व भेटवस्तूंस १९९२ च्या कायद्याने मनाई आहे. क्रीम व लोशनला तसा कायदा लागू नाही. त्यामुळे प्रसूती कक्षात नमुन्यांचे वाटप बिनदिक्कत चाले. विश्वस्त मंडळाच्या मान्यतेने आता ते बंद करण्यात आले आहे. फळीवर सुगंधविरहित दोन-तीन उत्पादने आणि औषधी दर्जाची पेट्रोलियम जेली एवढेच ठेवले आहे. चार प्रश्न विचारल्याने खिडकीवरची रांग लांबते आणि त्याविषयी तक्रारीही आल्या.

परंतु निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांचा विचार केला तर हिशेब वेगळा दिसतो. त्यांची खाट, शस्त्रक्रिया व औषधे सवलतीत मिळतात. बाळाची महागडी बाटली मात्र त्यांच्या खिशातून जाते, कारण ती औषध नव्हे. रुग्णालयाच्या फळीवर आहे म्हणजे ती लागतच असेल, असे समजून मजुरीचे पैसे मोडून ती घेणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. धर्मादाय संस्थेच्या फळीवर एखादी वस्तू ठेवणे हादेखील एक सल्लाच असतो, हे आम्हाला उशिरा कळले.

नम्र आवाहन

पालकांनी लक्षात ठेवावे असे थोडक्यात इतकेच: निरोगी त्वचेला फारसे काही लागत नाही. कोरड्या त्वचेला आंघोळीनंतर लगेच, अंग टिपून, साधे सुगंधविरहित मलम पुरते. डब्यात बोटे बुडवण्यापेक्षा ट्यूब बरी; डबाच असेल तर हात धुऊन घ्यावेत. पुरळ, पू, भेगा किंवा सतत खाज असेल तर डॉक्टरांना दाखवावे. कोणाच्याही घरातली अर्धी ट्यूब बाळाला लावू नये.

निवृत्त औषधनिर्माते व अध्यापक यांनी आठवड्यातून एक दुपार या प्रशिक्षणार्थींसाठी द्यावी, अशी विनंती आहे. प्रशिक्षणार्थींसाठी संदर्भग्रंथांचे कपाट करण्याचा मानस असून त्यास देणगीदारांचे साहाय्य अपेक्षित आहे.

ती विद्यार्थिनी प्रशिक्षण पूर्ण करून गेली. तिच्या प्रमाणपत्रावर सही करताना या वेळी हात अडखळला नाही. तिने त्या दुपारी विचारलेला प्रश्न आता खिडकीच्या आतल्या बाजूस, देणाऱ्याला दिसेल असा लिहून लावला आहे.